सोलापुरात घर विकणं आणि फ्लॅट घेणं, दोन्ही एकाच एजंटाकडून: दलाली, टोकन आणि 'एक्सक्लुझिव्ह' याचं काय ठरवावं?

शेळगी_ते_होटगीरोड

नमस्कार मंडळी. दोन व्यवहार एकमेकांत अडकलेले आहेत, म्हणून जरा सविस्तर विचारतोय.

विकायचं आहे ते शेळगीतलं बैठं घर, दीड गुंठ्यावर. घर वडिलांचं. ते आता नाहीत. वारस आम्ही चौघं: आई, मी आणि दोन बहिणी. महापालिकेच्या कर उताऱ्यावर आईचं नाव लागलंय, पण सातबारा अजून मूळ शेतमालकाच्या घराण्याच्या नावावर आहे. घ्यायचा आहे तो होटगी रोडच्या बाजूला दोन बेडरूमचा फ्लॅट, 38 लाखांच्या आत. नवा किंवा रीसेल, दोन्ही चालेल.

एजंटाच्या अटी अशा: दोन्ही व्यवहारांवर 2 टक्के. घर सहा महिने फक्त त्याच्याकडे. फ्लॅट पसंत पडला की 51 हजार रोख टोकन त्याच्या हातात. घराच्या बाबतीत 2 टक्के नको असतील तर दुसरा पर्याय: "तुम्हाला 30 लाख, वरचे माझे". आणि कागद तो स्वतः बघतो, वकिलाची गरज नाही म्हणतो.

यातलं काय रीतीला धरून आहे आणि कशाला नाही म्हणावं?

---

सातरस्ता_इस्टेट

मी याच धंद्यात आहे, त्यामुळे एजंटाची बाजूही धरून सांगतो.

दलालीपासून सुरू करू. 2 टक्के ही काही लूट नाही, पण तो ठरलेला दरही नाही. रीसेलच्या दलालीला सरकारी दर नसतो. 1 ते 2 टक्क्यांमध्ये बोलून ठरतो, आणि बहुतेक वेळा एजंट विकणारा आणि घेणारा दोघांकडूनही घेतो. तुम्ही एकाच माणसाला दोन कामं देताय, तेव्हा दोन्हींवर 1 टक्का म्हणायला काहीच हरकत नाही. आकड्यात बघा: 38 लाखांवर 1 टक्का म्हणजे 38 हजार, 2 टक्के म्हणजे 76 हजार. एजंटाची जीएसटी नोंदणी असेल तर वर 18 टक्के लागतो, म्हणजे 38 हजारांचे 44,840 होतात. म्हणून "जीएसटी धरून की सोडून" हे पहिल्याच दिवशी विचारा. नोंदणी नसेल तर तो जीएसटी लावूच शकत नाही. नवा फ्लॅट बिल्डरकडून घेतलात तर पुष्कळदा बिल्डरच एजंटाला कमिशन देतो. तिथं तुमच्याकडून वेगळं का, हे तोंडावर विचारा.

"30 तुम्हाला, वरचे माझे" याला मात्र ठाम नकार द्या. असा सौदा ठरला की एजंट तुमचा राहत नाही. 36 चं गिऱ्हाईक आलं तरी ते तुमच्या कानावर येणार नाही. त्यात दस्त किती रकमेचा करायचा हा घोळ होतो, कारण वरचे सहा लाख कुठंतरी रोखीत फिरवावे लागतात. 1872 च्या करार कायद्याचं कलम 216 याच बाबतीत आहे: मालकाला न सांगता एजंटानं त्या व्यवहारात स्वतःसाठी फायदा काढला, तर तो फायदा मालक मागू शकतो. पण कोर्टात जाऊन मागण्यापेक्षा आधीच टक्क्यावर या.

एक्सक्लुझिव्हला लोक उगीच घाबरतात. सोलापुरात उलटं होतं: एकच घर आठ एजंटांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठ भावांनी फिरतं. कोणी 32 सांगतो, कोणी 35. गिऱ्हाईक म्हणतं, "हे घर वर्षभर पडून आहे, काहीतरी गडबड दिसते", आणि भाव पडतो. एकाच माणसाकडे दिलं तर तो जाहिरातीवर खर्च करतो, दाखवायला वेळ काढतो. पण सहा महिने फार झाले. 60 दिवस द्या, आणि त्यात तो दर आठवड्याला किती जणांनी पाहिलं, काय ऑफर आली हे लेखी कळवेल असं ठरवा. गिऱ्हाईक तुमच्या नात्यातलं किंवा शेजारचं निघालं तर दलाली नाही, हेही लिहून घ्या.

हे सगळं एका कागदावर आणा. साधा कागद चालतो, पण सह्या दोघांच्या हव्यात. त्यात हे मुद्दे असू द्या: टक्का किती आणि तो दस्तातल्या किमतीवर, अर्धी दलाली साठेखताच्या (पुढं खरेदी करण्याचा करार) नोंदणीला, अर्धी खरेदीखताला, समोरच्याकडूनही दलाली घेणार असेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं, मुदत संपल्यावर 90 दिवसांत त्यानंच आणलेल्या माणसाशी सौदा झाला तर दलाली लागू, पण त्या माणसांची नावं मुदत संपताना त्यानं लेखी दिलेली असतील तरच. वेगळं काही ठरलेलं नसेल तर काम पुरं होईपर्यंत एजंटाचा मोबदला देय होत नाही, हे करार कायद्याच्याच कलम 219 मध्ये आहे. भांडणं होतात ती 'काम पुरं' म्हणजे विसार (सौदा ठरल्याची आगाऊ रक्कम) की खरेदीखत यावरून. म्हणून टप्पे लिहायचे.

मूळ खरेदीखत एजंटाकडे ठेवायला देऊ नका. झेरॉक्स पुरते.

टोकनबद्दल: पैसे मालकाच्या खात्यात, चेकनं किंवा ऑनलाइन. एजंटाच्या हातात नाही, रोख तर नाहीच. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात विकणाऱ्याला 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, घेतली तर तेवढाच दंड त्याला बसू शकतो. "फ्लॅट जाईल" हे वाक्य आमच्या धंद्यात रोजचंच आहे. 11 हजार ऑनलाइन पाठवून विसारपावती मागा. मालक खरा असेल तर तेवढ्यावर थांबतो.

---

दस्त_आणि_उतारा

वरच्या दादांनी दलालीचं नीट सांगितलं. पण तुमची खरी अडचण दलाली नाही, सातबारा आहे.

शेळगी, बाळे, दहिटणे, केगाव, सोरेगाव, मजरेवाडी हा सगळा भाग 1992 च्या हद्दवाढीत महापालिकेत आला. त्याआधी आणि नंतरही शेतजमिनीचे गुंठ्यानं तुकडे पाडून विकले गेले. बिगरशेती आदेश नाही, मंजूर ले-आउट नाही. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे एवढ्या लहान तुकड्याचा फेरफार होत नव्हता, म्हणून खरेदीदाराचं नाव सातबाऱ्यावर चढलं नाही. लोकांनी घर बांधलं, महापालिकेनं कर लावला, उतारा हातात आला. पण कर उतारा म्हणजे मालकी हक्क नव्हे. तो फक्त कर कोणाकडून वसूल करायचा ते सांगतो. "उतारा आहे ना, झालं की" असं जो एजंट म्हणतो त्याला कागद बघू देऊ नका.

आधी वडिलांचं खरेदीचं कागदपत्र काढा. त्यावरून पुढचा सगळा रस्ता ठरतो.

ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं खरेदीखत असेल तर काम होण्यासारखं आहे. महापालिकेकडे गुंठेवारी (गुंठ्यानं पाडलेले विनापरवाना तुकडे) नियमितीकरणाचा अर्ज करायचा. मूळ कायदा 2001 चा. 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना तो लागू झाला. खरेदीखत, कर पावत्या, परवानाधारक अभियंत्याचा मोजणी नकाशा आणि बांधकामाचा नकाशा लागतो. प्रशमन शुल्क (विनापरवाना बांधकाम नियमित करून घ्यायची रक्कम) आणि विकास शुल्क भरावं लागतं. प्लॉट आरक्षणात किंवा विकास आराखड्यातल्या रस्त्यात येत असेल तर नियमित होत नाही, म्हणून अर्जाआधी झोन दाखला काढा.

कागद नोटरी केलेला असेल, किंवा कुलमुखत्यारपत्र आणि ताबापावती एवढंच असेल, तर अडचण मोठी आहे. कुलमुखत्यारपत्रावरून मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये स्वच्छ सांगितलंय. मग मूळ मालकाच्या आजच्या वारसांकडून नोंदणीकृत खरेदीखत करून घ्यावं लागतं. ते वारस सापडणं आणि राजी होणं हे वेगळंच काम आहे.

हे आधी का करायचं? नियमितीकरणाच्या आदेशाशिवाय बँक कर्ज देत नाही. कर्जवालं गिऱ्हाईक गेलं की उरतो फक्त रोकडवाला, आणि तो भाव पाडूनच मागतो. एजंटानं सहा महिने घर दाखवून काही होणार नाही, तो कागद नसतानाची किंमतच आणेल.

आता वारस. मिळकत वडिलांची, म्हणून चौघांचा हक्क. कर उताऱ्यावर एकट्या आईचं नाव आहे म्हणून आई एकटी विकू शकत नाही. दोन मार्ग आहेत: चौघांनी विकणार म्हणून सह्या करायच्या, किंवा बहिणींनी हक्कसोडपत्र करून द्यायचं. हक्कसोडपत्र नोंदवलेलंच हवं, नोटरीचं चालत नाही. बहिणी परगावी असतील तर कुलमुखत्यारपत्र करता येतं, पण तेही नोंदवून घ्या. विसार घ्यायच्या आधी सर्वांची लेखी संमती घ्या. चौघांतल्या एकाचा विचार नंतर बदलला तर विसाराचे पैसे परत आणि वर नुकसानभरपाईची नोटीस, असं प्रकरण होतं.

सातबाऱ्यावर वडिलांचं नाव चढल्यावर मृत्यू दाखला आणि प्रतिज्ञापत्र देऊन ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून वारस नोंदीचा अर्ज करता येतो. नोटिशीचे 15 दिवस जातात, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. शहराच्या जुन्या भागात, म्हणजे पेठांमध्ये, सातबारा नसतो. तिथं नगर भूमापन कार्यालयाचं मालमत्ता पत्रक असतं. एजंट दोन्हींना सरसकट 'उतारा' म्हणतात, त्यामुळे कोणता उतारा हे दर वेळी विचारा.

---

चटईक्षेत्र

फ्लॅटच्या बाजूचं मी लिहितो.

पहिलं, एजंटाचा महारेरा (राज्याचं स्थावर मिळकत नियामक प्राधिकरण) क्रमांक मागा. नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट दाखवायला आणि विकायला एजंटाला नोंदणी सक्तीची आहे. 2023 पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे. क्रमांक इंग्रजी 'ए' अक्षरानं सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी' नं. महारेराच्या संकेतस्थळावर दोन्ही शोधता येतात. नोंदणीची मुदत पाच वर्षं, म्हणून संपलेली नाही ना ते बघा. नोंदणी नसताना काम केलं तर रोज 10 हजार दंड आहे, मिळकतीच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत. रीसेलच्या जुन्या घरासाठी ही सक्ती नाही. तिथं एजंटाविरुद्ध दाद ग्राहक आयोगाकडे मागावी लागते, आणि त्यासाठी दलाली दिल्याची पावती लागते.

नव्या प्रकल्पात साठेखत नोंदवल्याशिवाय बिल्डर 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. "आधी 30 टक्के भरा, मग कागद करू" असं एजंटानं सांगितलं तर तिथंच थांबा. प्रकल्पाच्या पानावर मंजूर नकाशा, पूर्ण होण्याची तारीख, बोजा (मिळकतीवरचं कर्ज) आणि खटले दिसतात. 500 चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड आणि आठपेक्षा जास्त फ्लॅट, दोन्ही असतील तर नोंदणी लागते. सोलापुरात आठ फ्लॅटच्या लहान इमारती पुष्कळ आहेत, त्या यातून सुटतात. म्हणून तिथं महापालिकेचा बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र स्वतः वाचा. होटगी रोडला विमानतळ आहे, त्यामुळे उंचीच्या ना हरकत दाखल्याचीही प्रत मागा.

क्षेत्रफळाचा खेळ नीट समजून घ्या. एजंट "हजार फूट" म्हणतो तेव्हा ते सेलेबल असतं, म्हणजे भिंती, जिना वगैरे धरून सांगितलेलं. आतलं चटई क्षेत्र 720 निघालं तर 38 लाखांचा दर 3,800 नव्हे, 5,278 रुपये चौरस फूट पडतो. दोन फ्लॅटची तुलना चटई क्षेत्रावरच करा. टेप नेऊन आतून आतून मोजा, बाल्कनी वेगळी धरा.

आता पाणी. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पण फ्लॅट बघताना लोक टाइल्स बघतात, हौद बघत नाहीत. साधं गणित: माणशी 135 लिटर धरलं तर चार माणसांच्या घराला रोज 540. पाच दिवसांआड पाणी आलं तर एका घराला 2,700 लिटर साठा. 20 फ्लॅटची इमारत असेल तर 54 हजार लिटर लागले. खाली 25 हजारांचा हौद असेल तर उरलेलं बोअर किंवा टँकरमधून येणार. बोअर एप्रिल-मे मध्ये चालतं का, टँकरचा महिन्याचा खर्च किती, हे एजंटाला नाही, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला विचारा. आणि शेवटच्या मजल्याचा फ्लॅट दुपारी तीन वाजता बघा. सकाळी दहाला दाखवतात त्याला कारण असतं.

रीसेल असेल तर बोजा तपासा. विकणाऱ्याचं कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेचं येणे-बाकी पत्र घ्या, आणि तुमच्या बँकेचा धनादेश थेट त्या बँकेच्या नावे काढा. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत देणं बँकेवर बंधनकारक आहे. उशीर झाला तर दिवसाला 5 हजार भरपाई. त्यामुळे "बँक कागद सहा महिने देत नाही" हे ऐकून घेऊ नका. सोसायटी असेल तर हस्तांतर शुल्क 25 हजारांच्या वर मागता येत नाही. पण सोलापुरात पुष्कळ इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट कायद्याखालच्या आहेत. तिथं शेअर दाखला नसतो, घोषणापत्र आणि अपार्टमेंट डीड असतं. ते नोंदवलेलं नसेल तर बँकेचे वकील अडवतात.

---

शेळगी_ते_होटगीरोड

खूप आभार सगळ्यांचे. वडिलांचं खरेदीखत सापडलं. 1996 चं आहे, नोंदणीकृत आहे, सूची दोनची (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा) प्रतही जोडलेली आहे. एजंटाला महारेरा क्रमांक मागितला तर "आपण रीसेलच करतो" म्हणाला. नवीन प्रकल्प मात्र तोच दाखवत होता.

आणखी एक. फ्लॅटचा दस्त 30 लाखांचा करू, 8 लाख वेगळे देऊ, मुद्रांक वाचेल असं तो सुचवतोय. आणि घराची विक्री आधी की फ्लॅट आधी?

---

हिशेब_करनोंद

ताळा करून बघा, दादा. सोलापूर महापालिका हद्दीत मुद्रांक 5 टक्के आणि स्थानिक संस्थेचा 1 टक्का, एकूण 6. 38 लाखांवर 2,28,000. नोंदणी शुल्क 1 टक्का, पण कमाल 30 हजार. 30 लाखांचा दस्त केला तर मुद्रांक 1,80,000. वाचले 48 हजार. नोंदणी शुल्क दोन्हीकडे तेवढंच.

त्या 48 हजारांसाठी काय काय जातं? बँक कर्ज दस्तातल्या किमतीवर किंवा मूल्यांकनावर, जे कमी असेल त्यावर देते. 80 टक्के धरले तर 38 लाखांवर 30 लाख 40 हजार, 30 लाखांवर 24 लाख. म्हणजे 6 लाख 40 हजार जास्त तुम्हालाच उभे करायचे, आणि 8 लाख रोखीत. पुढं हा फ्लॅट विकाल तेव्हा खरेदी किंमत 30 लाखच धरली जाणार, भांडवली नफ्यावर कर वाढला. शिवाय मुद्रांक करारातली किंमत आणि रेडी रेकनर (सरकारनं ठरवलेल्या दरानं निघणारी किंमत) यातल्या मोठ्या आकड्यावर लागतो. 1 एप्रिल 2025 च्या दरवाढीत सोलापूर महापालिका क्षेत्राची वाढ 10.17 टक्के होती, राज्यातल्या महापालिकांमध्ये सर्वांत जास्त. पुष्कळ ठिकाणी दस्त कमी दाखवून मुद्रांक वाचतच नाही. आणि रेडी रेकनरची किंमत दस्तापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त निघाली तर त्या फरकावर विकणारा आणि घेणारा दोघांनाही आयकर लागतो.

मुद्रांक कायदेशीर वाचवायचा असेल तर आईच्या किंवा घरातल्या दुसऱ्या महिलेच्या एकटीच्या नावे घ्या. निवासी घरासाठी महिलांना 1 टक्का सवलत आहे, म्हणजे 38 हजार वाचतात. पुरुष जोडनाव आलं की सवलत जाते.

आता क्रम. घर विकून जो भांडवली नफा होईल तो नव्या घरात गुंतवला तर करातून सूट मिळते: विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत घेतलेलं घर चालतं. पण नवं घर ज्याच्या नावे, सूट त्यालाच. विकणारे तुम्ही चौघं असाल तर प्रत्येकाचा नफा वेगळा मोजला जातो. फ्लॅट एकट्या आईच्या नावे झाला आणि बहिणींनी आपापला हिस्सा घेतला, तर त्यांचा कर त्यांनाच बघावा लागेल. सवलतीचे 38 हजार आणि ही सूट एकत्र मांडूनच नाव ठरवा, ते एजंटाच्या टेबलावर ठरवू नका. घर वडिलांनी 1996 ला घेतलंय, तेव्हा 1 एप्रिल 2001 चं बाजारमूल्य मूळ किंमत म्हणून धरता येतं. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल काढा. दलालीही नफ्यातून वजा होते, पण बिल असेल आणि पैसे बँकेतून गेले असतील तरच. बिल मागायला हेही एक कारण.

---

सातरस्ता_इस्टेट

"रीसेलच करतो" म्हणून नवे प्रकल्प दाखवणाऱ्याकडून फ्लॅट घेऊ नका. घर विकायला तो चालेल, कागद केलात तर. फ्लॅटसाठी नोंदणी असलेला दुसरा माणूस बघा.

खरेदीखत 1996 चं नोंदणीकृत आहे म्हणजे अर्धी चिंता मिटली. आता घराची जाहिरात लगेच लावू नका. गुंठेवारीचा अर्ज आधी टाका, पोच घ्या, मग एजंटाचे 60 दिवस सुरू करा. अर्जाची पोच दाखवली तरी गिऱ्हाईकाचा सूर बदलतो. पुरा भाव मात्र आदेश हातात आल्यावरच.

---

दस्त_आणि_उतारा

एक दुरुस्ती सुचवतो, दादा. पोच दाखवून विसार घेऊ नका. शुल्क किती निघेल आणि रस्त्यात किती फूट जाईल हे आदेश निघाल्यावरच कळतं. दीड गुंठा म्हणजे 1,633 चौरस फूट. त्यातले दीडशे रस्त्याला गेले आणि विसार 1,633 वर घेतलेला असेल तर वाद नक्की. पोच दाखवून घर दाखवा, भाव बोला, पण विसार आदेशानंतर.

फ्लॅटच्या विसारपावतीत ही दोन वाक्यं जशीच्या तशी घाला: "वकिलाचा 30 वर्षांचा शोध अहवाल निर्दोष न आल्यास किंवा बँकेने कर्ज मंजूर न केल्यास विसाराची संपूर्ण रक्कम 7 दिवसांत परत करण्यात येईल. साठेखत आजपासून 45 दिवसांत नोंदवण्यात येईल." सही मालकाची, सर्व सहमालकांची. एजंटाची सही साक्षीदार म्हणून. आणि विसारानंतर लगेच वकिलाकडून स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्या. हरकतीसाठी 14 दिवस ठेवतात, ते 45 दिवसांच्या आत बसतात.